मेमरी खरंच संपली का? लिनक्सवर मेमरी आणि स्वॅप तपासायला शिकताना

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात सर्व्हर सपोर्टच्या कामाला लागलेल्या मुलामुलींना सुरुवातीच्या दिवसांतच एक अलर्ट भेटतो: ‘मेमरी ९५ टक्के’. रात्रपाळी असते, शेजारी कुणी अनुभवी नसतं आणि फोनवरून सल्ला मिळतो, ‘रीस्टार्ट मार.’ रीस्टार्ट मारला की आकडा खाली येतो. सगळ्यांना हायसं वाटतं, पण मेमरी कोणी खाल्ली होती याचा पुरावाही तेव्हाच पुसला जातो. मग दोन दिवसांनी तोच अलर्ट आणि तोच सल्ला.

हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे. ठाण्यात वागळे इस्टेटला किंवा नौपाड्यात एखाद्या छोट्या ऑफिसचं लिनक्स मशीन सांभाळणाऱ्यांनाही तो तितकाच उपयोगी पडेल. तो वाचून एक सवय लागली तरी पुरे: मेमरी किती भरली हे पाहून थांबायचं नाही. मेमरी आणि डिस्क यांच्यात ये-जा चालू आहे का, हे पाहायचं. मशीन रखडतं ते या ये-जेमुळे.

कमांडबद्दल आधी एक सूचना. इथे त्या देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: फ्री

`फ्री -एच`

चार जीबीच्या एका जुन्या ऑफिस मशीनवर साधारण असं काहीतरी दिसेल:

```
        टोटल   यूज्ड   फ्री   शेअर्ड   बफ/कॅश   अव्हेलेबल
मेम:    ३.७जी  २.३जी  १६०एम  २१०एम   १.७जी    १.४जी
स्वॅप:   २.०जी  ५४०एम  १.५जी
```

चार जीबीच्या जागी ३.७ का? थोडी मेमरी कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मदरबोर्डवरचं ग्राफिक्स आधीच राखून ठेवतात. त्यात काही बिघडलेलं नाही.

नवशिक्याची नजर थेट ‘फ्री’ या रकान्यावर जाते. १६० एमबी पाहून पोटात गोळा येतो. पण लिनक्स रिकामी मेमरी रिकामी राहू देत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फायली तो मेमरीत धरून ठेवतो, म्हणजे पुन्हा मागितल्या तर डिस्ककडे जावं लागत नाही. हीच ती ‘बफ/कॅश’. एखाद्या प्रोग्रॅमला जागा हवी झाली की या कॅशमधला बराचसा भाग तिथल्या तिथे सोडून दिला जातो. त्यामुळे चांगलं चाललेल्या मशीनवर ‘फ्री’ कमीच असतं, आणि तसंच असायला हवं.

तुम्हाला पाहायचा आहे शेवटचा रकाना, ‘अव्हेलेबल’. स्वॅपला, म्हणजे मेमरीतली पानं नेऊन ठेवायच्या डिस्कवरच्या जागेला, हात न लावता नव्या प्रोग्रॅमला अंदाजे किती मेमरी देता येईल, हे तो सांगतो. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ कर्नलपासून हा अंदाज कर्नल स्वतः काढतो आणि `/प्रॉक/मेमइन्फो` या फाइलमध्ये लिहितो. त्याआधी लोक फ्री आणि कॅश यांची मनाने बेरीज करत. ती चुकायची, कारण कॅशमधलं सगळंच काही सोडता येत नाही. ‘शेअर्ड’ रकान्यातले २१० एमबी पाहा. ते बहुतांशी टीएमपीएफएसमध्ये (मेमरीतच राहणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये) ठेवलेल्या फायली आणि प्रोसेसमधली, म्हणजे चालू प्रोग्रॅममधली, सामायिक मेमरी असते. कॅशच्या आकड्यात ती मोजली जाते, पण नुसती टाकून देता येत नाही, कारण तिची प्रत डिस्कवर नसते. एखाद्या मशीनवर कॅश भरपूर आणि अव्हेलेबल कमी दिसलं, तर आधी शेअर्ड बघा. बऱ्याचदा कुणीतरी टीएमपीएफएसमध्ये मोठी फाइल टाकून विसरलेलं असतं.

या आकड्यांची बेरीज टोटलशी जुळत नाही, म्हणून घाबरू नका. या कमांडच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ‘यूज्ड’ म्हणजे टोटल वजा अव्हेलेबल असा हिशोब आहे, त्यामुळे कॅशचा काही भाग दोन्हीकडे मोजला जातो. जुन्या आवृत्त्यांमध्ये यूज्डमधून कॅश पूर्ण वजा केलेली असे. म्हणून दोन सर्व्हरची तुलना ‘यूज्ड’वरून करू नका, ‘अव्हेलेबल’वरून करा. मॉनिटरिंगमध्ये अलर्ट लावायचा अधिकार तुमच्याकडे असेल, तर तोही अव्हेलेबलवर लावा. कॅश धरून टक्केवारी काढणारे अलर्ट निरोगी सर्व्हरवरही वाजत राहतात. असे अलर्ट महिनाभर वाजले की माणसं ते बंद करून टाकतात, आणि खरा प्रसंग येतो तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं.

इंटरनेटवर तुम्हाला ‘ड्रॉप कॅशेस’ नावाचा एक उपाय सापडेल: एका फाइलमध्ये ३ हा आकडा लिहायचा की कॅश रिकामी. चालू सर्व्हरवर हे करू नका. फ्रीचा आकडा वाढलेला दिसतो खरा, पण त्यानंतर प्रत्येक फाइल पुन्हा डिस्कवरून वाचावी लागते आणि मशीन काही काळ आधीपेक्षा संथ होतं.

स्वॅपमध्ये काही आहे, म्हणजे काय?

वरच्या नमुन्यात ५४० एमबी स्वॅप वापरलेला आहे. ही काळजीची गोष्ट आहे का? नुसत्या या आकड्यावरून सांगता येत नाही.

मेमरी छोट्या तुकड्यांत वाटलेली असते. त्यांना पानं म्हणतात आणि इंटेल-एएमडी मशीनवर एक पान साधारणतः ४ केबीचं असतं. बऱ्याच वेळात न वापरलेली पानं कर्नल डिस्कवरच्या स्वॅपमध्ये नेऊन ठेवतो. लिनक्समध्ये ही सोय जानेवारी १९९२ च्या ०.१२ आवृत्तीत आली. आपल्या वन-रूम किचनमधल्या माळ्यासारखंच आहे हे: गणपतीचं मखर आणि जादाची भांडी वर्षभर माळ्यावर असली तर स्वयंपाकघर मोकळं राहतं. पण रोजची कढई काढायला दर पाच मिनिटांनी शिडी लावावी लागली, तर स्वयंपाक होणारच नाही.

शिवाय स्वॅपमध्ये गेलेलं पान, त्याची गरज पडेपर्यंत तिथेच राहतं. परवा दुपारी कधीतरी ताण आला, पानं डिस्कवर गेली, ताण ओसरला, तरी आज ‘यूज्ड’मध्ये ती दिसतच राहतील. म्हणजे हा आकडा झालेल्या गोष्टीबद्दल सांगतो. आत्ता काय चाललंय, ते त्यातून कळत नाही.

स्वॅप कुठे आहे आणि किती आहे, ते पाहायला:

`स्वॅपऑन --शो`

यात नाव, प्रकार, आकार, वापर आणि प्राधान्य दिसतं. प्रकार ‘पार्टिशन’ किंवा ‘फाइल’ असेल. नावात ‘झेडरॅम’ दिसलं, तर तो स्वॅप डिस्कवर नसून मेमरीतच दाबून ठेवलेला आहे. त्याची ये-जा डिस्कपेक्षा बरीच वेगवान असते. कमांडने काहीच छापलं नाही, तर मशीनला स्वॅपच नाही. क्लाउडवरच्या अनेक व्हर्च्युअल मशीनना तो मुळात दिलेलाच नसतो.

सगळ्यात महत्त्वाची पायरी: व्हीएमस्टॅट

इथे वेळ द्या. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ही कमांड बोटांत बसली पाहिजे.

`व्हीएमस्टॅट ५`

दर पाच सेकंदांनी एक ओळ छापली जाते. पहिली ओळ सोडून द्या. ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते, आत्ताची स्थिती नव्हे. तिच्यावरून निदान करणारे पुष्कळ जण फसतात. दुसऱ्या ओळीपासून वाचा आणि एसआय, एसओ या दोन रकान्यांवर नजर ठेवा. एसआय म्हणजे सेकंदाला किती केबी स्वॅपमधून मेमरीत परत आले आणि एसओ म्हणजे किती केबी मेमरीतून स्वॅपमध्ये गेले.

नौपाड्यातल्या एका शिकवणी वर्गाचं मशीन मी पाहतो. तेच चार जीबीचं, साधी फिरती हार्ड डिस्क असलेलं. त्यावर फीच्या नोंदींचा छोटा मारियाडीबी डेटाबेस, लिब्रेऑफिस आणि ब्राउझर चालतो. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत तक्रार आली की संध्याकाळी पावती निघायला फार वेळ लागतो. सकाळी आणि संध्याकाळी तिथे अशा धर्तीच्या ओळी दिसत होत्या (मधले काही रकाने गाळले आहेत):

```
         आर  बी  स्वॅप्ड     फ्री     एसआय   एसओ   डब्ल्यूए
सकाळ     १   ०   ५५२९६०   १६३८४०    ०      ०      २
संध्याकाळ  २   ५   १३१०७२०  ५८९००    ३४१२   ५२०८   ४१
```

सकाळी साधारण ५४० एमबी स्वॅप वापरलेला आहे, पण ये-जा शून्य. मशीन सुरळीत आहे. संध्याकाळी दोन्ही रकाने एकाच वेळी हजारांत आहेत आणि ओळीमागून ओळ तसेच राहतात. म्हणजे कर्नल एक पान बाहेर टाकतो, लगेच तेच किंवा दुसरं परत आणतो, पुन्हा टाकतो. बी म्हणजे वाट पाहत अडकलेल्या प्रोसेस, त्या पाच झाल्या. डब्ल्यूए म्हणजे प्रोसेसरचा डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, तो ४१ टक्के. याला थ्रॅशिंग म्हणतात. मेमरीतून वाचायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागत असतील, तर फिरत्या डिस्कला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हा फरक लाखपट आहे. एसएसडीवर तो बराच कमी होतो, पण नाहीसा होत नाही.

वाचताना तीन स्थिती वेगळ्या ओळखायला शिका. एसओ थोडा वेळ वर जाऊन पुन्हा शून्यावर आला, तर कर्नलने आवराआवर केली. सोडून द्या. एसआय अधूनमधून दिसला, तर कुणीतरी बऱ्याच वेळाने जुनं काम उघडलं असेल. तेही ठीक. दोन्ही सतत चालू असतील, तेव्हा मात्र उठा आणि पुढच्या पायरीकडे जा.

स्वॅप नसलेल्या मशीनवर एसआय-एसओ कायम शून्यच असणार, म्हणून तिथे थ्रॅशिंग होत नाही असं समजू नका. प्रोग्रॅमचा कोड डिस्कवरच्या फाइलमधून मेमरीत आलेला असतो. मेमरी कमी पडली की कर्नल ती पानं टाकून देतो आणि पुढच्याच क्षणी पुन्हा वाचून आणतो. तेव्हा ‘बीआय’ हा डिस्कवरून वाचण्याचा रकाना फुगलेला आणि अव्हेलेबल तळाला गेलेलं दिसतं. मशीन गोठल्यासारखं होतं, दुरून लॉगिन करायचं एसएसएचसुद्धा नीट लागत नाही.

प्रेशर: एका ओळीत उत्तर

कर्नल ४.२० पासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, याहून थेट माप मिळतं:

`कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी`

‘सम’ आणि ‘फुल’ अशा दोन ओळी येतात. ‘सम’ म्हणजे निदान एखादं काम मेमरीसाठी अडून राहिलं होतं असा वेळ. ‘फुल’ म्हणजे करण्यासारखी होती ती सगळी कामं एकदम अडली होती असा वेळ. पुढे अ‍ॅव्हरेज १०, ६० आणि ३०० असे आकडे असतात: गेल्या दहा सेकंदांतले, एका मिनिटातले आणि पाच मिनिटांतले टक्के. निरोगी मशीनवर हे सगळे शून्याच्या जवळ असतात. ‘फुल’चा ३०० चा आकडा वर राहिला, तर वापरणाऱ्यांना नक्की त्रास होतो आहे, मेमरीचा टक्का काहीही असो. ही फाइल सापडत नसेल, तर काही डिस्ट्रिब्युशनवर (उबुंटू, डेबियनसारख्या लिनक्सच्या संचांवर) हे माप बूटच्या वेळी ‘पीएसआय=१’ असं देऊन चालू करावं लागतं.

खातंय कोण?

`पीएस एयूएक्स --सॉर्ट=-आरएसएस | हेड`

सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेस वर येतात. ‘टॉप’ चालवून मोठा एम दाबला तरी तेच. ‘एचटॉप’ असेल तर तो वाचायला सोपा आहे. त्यातल्या मेमरीच्या पट्टीत हिरवा भाग खरा वापर दाखवतो आणि पिवळा भाग कॅश.

‘व्हर्ट’ किंवा ‘व्हीएसझेड’ या आकड्याकडे दुर्लक्ष करा. प्रोग्रॅमने मागून ठेवलेला तो पत्ता-विस्तार असतो, त्यातलं बरंचसं कधी वापरलंही जात नाही. ‘आरएसएस’, टॉपमध्ये ‘रेस’, हा प्रत्यक्ष मेमरीतला भाग. मात्र आरएसएसची बेरीज करू नका. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीची वेगळी प्रोसेस असते आणि सगळ्यांची सामायिक बफर मेमरी प्रत्येकीच्या आरएसएसमध्ये पुन्हा मोजली जाते. आठ जीबीच्या सर्व्हरवर बेरीज वीस जीबी आली म्हणून नवखे गोंधळतात, त्यामागे हे कारण असतं. सामायिक भाग वाटून घेऊन काढलेला आकडा म्हणजे ‘पीएसएस’. तो `स्मेम -टीके` या कमांडने मिळतो, किंवा एकाच प्रोसेससाठी `/प्रॉक/`, तिचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि `/स्मॅप्स_रोलअप` या फाइलमध्ये.

स्वॅपमध्ये कुणाची किती पानं गेली आहेत, ते असं पाहा:

`ग्रेप -आय व्हीएमस्वॅप /प्रॉक/*/स्टेटस | सॉर्ट -के२ -एन | टेल`

शेवटची ओळ सगळ्यात मोठी. शिकवणी वर्गाच्या मशीनवर संशय डेटाबेसवर होता, पण या यादीत तळाशी ब्राउझरच्या प्रोसेस एकाखाली एक उभ्या होत्या. दिवसभरात उघडलेले टॅब कुणी बंदच करत नव्हतं. डेटाबेसची पानं त्यांच्यामुळे बाहेर ढकलली जात होती, म्हणून पावती अडायची. टॅब बंद करायला सांगितलं आणि पुढे मेमरी आठ जीबी करून घेतली. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाइप केलं की कोणता टॅब किती खातो ते दिसतं, ते तिथल्या मॅडमना दाखवून ठेवलं आहे.

एखाद्या प्रोसेसचं आरएसएस दिवसागणिक वाढतच जातं आणि काम कमी झालं तरी उतरत नाही, तेव्हा मेमरी गळतीची शंका घ्या. तासातासाने आकडा लिहून ठेवा. डेव्हलपरला ‘मेमरी जास्त खातंय’ या वाक्यापेक्षा अशा दहा नोंदी कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

प्रोसेस अचानक गायब झाली तर

मेमरी आणि स्वॅप दोन्ही संपले की कर्नलचा ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर एक प्रोसेस निवडून मारतो. बहुतेकदा सगळ्यात जास्त मेमरी धरलेली प्रोसेस बळी पडते, म्हणून सर्व्हरवर डेटाबेसच जातो. पुरावा इथे:

`जर्नलसीटीएल -के | ग्रेप -आय "आउट ऑफ मेमरी"`

प्रोसेसचं नाव, पीआयडी आणि तेव्हाचे आकडे मिळतात. उबुंटू २२.०४ आणि फेडोरा ३४ पासून डेस्कटॉपवर ‘सिस्टमडी-ओओएमडी’ हा आणखी एक पहारेकरी असतो. तो वर पाहिलेल्या प्रेशरच्या मापावरून कर्नलच्या आधीच प्रोसेस मारतो. त्याची नोंद `जर्नलसीटीएल -यू सिस्टमडी-ओओएमडी` मध्ये शोधा. कंटेनर (डॉकरसारख्या साधनात वेगळा बांधून चालवलेला प्रोग्रॅम) १३७ या कोडने बंद पडला असेल, तर तोही बहुधा मेमरीच्या मर्यादेचा बळी असतो. कंटेनरच्या आत ‘फ्री’ चालवून फायदा नाही, कारण तिथे अख्ख्या होस्टची, म्हणजे मूळ मशीनची, मेमरी दिसते. ‘डॉकर स्टॅट्स’ पाहा, किंवा आतून `/सिस/एफएस/सीग्रुप/` मधल्या ‘मेमरी.करंट’ आणि ‘मेमरी.मॅक्स’ या फायली वाचा.

रात्री काय झालं, ते सकाळी कळण्यासाठी

वरच्या बहुतेक कमांड आत्ताचं सांगतात. पहाटे तीनला काय झालं, ते सकाळी पाहायचं तर सिसस्टॅट हा नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला हवा. डेबियन-उबुंटूवर `सुडो एपीटी इन्स्टॉल सिसस्टॅट`, आणि नोंदी घेणं चालू आहे ना ते तपासा. डेबियनवर ते बंद असतं, `/ईटीसी/डीफॉल्ट/सिसस्टॅट` या फाइलमध्ये ‘इनेबल्ड’ पुढे ट्रू करावं लागतं. मग दर दहा मिनिटांनी नोंद होते. `सार -आर` मेमरी दाखवतं, मोठ्या एसने `सार -एस` स्वॅपचा वापर, आणि मोठ्या डब्ल्यूने `सार -डब्ल्यू` सेकंदाला किती पानं आली-गेली ते. शेवटचं सगळ्यात कामाचं. नवीन सर्व्हर ताब्यात आला की मी आधी हे बसवतो.

स्वॅप वाढवायचा असेल तर

क्रम असा, सगळं सुडोने (प्रशासकाच्या अधिकाराने):

`डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=२०४८` (इथला एम मोठा)
`सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल`
`एमकेस्वॅप /स्वॅपफाइल`
`स्वॅपऑन /स्वॅपफाइल`

ही दोन जीबीची फाइल झाली. सीएचमॉड विसरू नका, कारण स्वॅपमध्ये मेमरीतला मजकूर जसाच्या तसा जातो, पासवर्डसकट. रीस्टार्टनंतरही राहावा म्हणून `/ईटीसी/एफएसटॅब` मध्ये ओळ घाला. बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवर कृती वेगळी आहे, तिथे हा क्रम जसाच्या तसा वापरू नका. उलट स्वॅप बंद करायचा असेल, तर आधी फ्रीमध्ये अव्हेलेबल पाहा. `स्वॅपऑफ` सगळी पानं मेमरीत परत आणतो आणि तेवढी जागा नसेल तर मशीन तिथेच अडचणीत येतं.

‘स्वॅपीनेस’ या सेटिंगबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: ६० म्हणजे मेमरी ६० टक्के भरली की स्वॅप सुरू. तसं नाही. जागा करताना फाइलची कॅश टाकायची की प्रोग्रॅमची पानं स्वॅपला न्यायची, यातला कल ठरवणारा तो आकडा आहे. मूळ किंमत ६०. कर्नल ५.८ पासून तो २०० पर्यंत नेता येतो. सुरुवातीला त्याला हात लावायची गरज नाही.

लिनक्स नसेल तर

मॅकवर ‘व्हीएम_स्टॅट’ आणि `सिससीटीएल व्हीएम.स्वॅपयूसेज` चालतात. पहिल्यातले आकडे पानांमध्ये असतात आणि अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर पान १६ केबीचं असतं, हे गुणाकार करताना ध्यानात ठेवा. फ्रीबीएसडीवर `स्वॅपइन्फो -एच` आणि टॉप. तिथे ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ मेमरी भरपूर दिसणं नेहमीचंच आहे. व्हीएमस्टॅट तिथेही आहे, पण रकाने वेगळे.

पाळी संपताना

रीस्टार्ट करावाच लागला, तर त्याआधी दोन मिनिटं काढा आणि चार गोष्टी एका फाइलमध्ये साठवा: फ्री, व्हीएमस्टॅटच्या सहा ओळी, प्रेशरची फाइल, आरएसएसप्रमाणे लावलेली पीएसची यादी. प्रत्येक कमांडच्या शेवटी `>> /व्हार/टीएमपी/मेमरी.टीएक्सटी` लावलं की ती त्याच फाइलमध्ये जमा होत जाते. `/टीएमपी` मध्ये ठेवू नका, रीस्टार्टला ते बऱ्याच मशीनवर पुसलं जातं. फाइलचं नाव आणि वेळ टिकेटमध्ये लिहा, म्हणजे सकाळच्या पाळीतला माणूस एसआय-एसओचे आकडे पाहून थेट कामाला लागेल.